तुळशीच्या मेथॅनॉल अर्कातला नेमका कोणता घटक जिवाणूंवर चालतो, हे कसं शोधू?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुळशीच्या पानांवर काम करते आहे. एकाच खेपेची सावलीत वाळवलेली पानं घेतली. अर्ध्यांचं क्लेव्हेंजरमध्ये (पाणी उकळून वाफेसोबत तेल काढायचं उपकरण) तेल काढलं, उरलेल्यांचा मेथॅनॉलमध्ये अर्क केला. तेलाच्या जीसी-एमएसमध्ये (वाफ करून घटक वेगळे करणारी आणि ओळखणारी चाचणी) युजेनॉल, बीटा-कॅरिओफायलीन आणि थोडं मिथाइल युजेनॉल आलं, म्हणजे अपेक्षित तेच. अर्कात मात्र सगळ्यात उंच पीक (आलेखावरचं शिखर) हेक्झाडेकॅनोइक आम्लाचं, मग त्याच्या मिथाइल एस्टरचं, मग फायटॉलचं. युजेनॉल जेमतेम. एक पीक तर थॅलेटचं (प्लॅस्टिक मऊ करायचं रसायन) आहे. ते प्लॅस्टिकच्या बाटलीतून उतरलं असणार, वनस्पतीचा घटक म्हणून तक्त्यात घालायला माझा हात धजत नाही.

हा अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर चालतो. अर्क लावलेल्या 6 मिमीच्या चकतीभोवती तिन्ही वेळा 13 मिमीच्या आसपास जिवाणू न वाढलेलं वलय आलं, नुसत्या डीएमएसओभोवती (अर्क विरघळवायचा द्रावक) काहीच नाही. स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूवर परिणाम शून्य. सर म्हणतात, "मोठी पीकं कारणीभूत, असं लिहून टाक." पण पीक मोठं म्हणून परिणामही त्याचाच, हे मला पटत नाही. शिवाय तेलाचं आणि अर्काचं वलय शेजारी ठेवून तुलना करता येते का? कृपया मदत करा, प्रबंधात चुकीचं काही जायला नको.

उत्तर १: तुमची शंका रास्त आहे. जीसीमध्ये वाफ होणारेच पदार्थ दिसतात आणि टक्केवारी त्या दिसलेल्यांतलीच असते. तुळशीतलं रोझमरिनिक आणि अर्सोलिक आम्ल मेथॅनॉलमध्ये उतरतं, पण सिलिलेशन (रेणू सहज वाफ होईल असा रासायनिक बदल) केल्याशिवाय जीसीत त्यांचा पत्ता लागत नाही. त्यांच्यासाठी एचपीएलसी (द्रवातच घटक वेगळे करणारी चाचणी) लावा: रोझमरिनिक 330 नॅनोमीटर तरंगलांबीला, अर्सोलिक 210 च्या आसपास, दोन्हींची प्रमाणद्रव्यं सोबत. मिथाइल एस्टरकडेही संशयाने बघा, तो मेथॅनॉलमुळे अर्क काढतानाच तयार झालेला असू शकतो.

त्याआधी अर्क पाण्यात मिसळून हेक्झेन, मग इथाइल अ‍ॅसिटेट असा विभागून घ्या आणि प्रत्येक भाग जिवाणूंवर तपासा. जो चालेल त्याचाच पुढे माग काढा.

उत्तर २: वलयांची तुलना करू नका. तेल पाणीदार अगारमध्ये (जिवाणू वाढवायची जेली) नीट पसरत नाही, वर उडूनही जातं, त्यामुळे लहान वलयाचा अर्थ कमी ताकद असा होत नाही. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायचा द्रव) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढा. तेलासाठी थोडं ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घाला, त्याचा वेगळा कंट्रोल ठेवा आणि प्लेट घट्ट झाका, नाहीतर बाष्प शेजारच्या खळग्यांत जाऊन निकाल बिघडवतं. स्यूडोमोनासचं बाह्य आवरण अशा घटकांना सहज आत शिरू देत नाही, तेव्हा तिथला शून्य निकालही प्रबंधात जरूर द्या.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. आमच्याकडे एचपीएलसीची पाळी लगेच मिळणार नाही. तोवर टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करायची साधी पद्धत) काही जमेल का?

उत्तर १: जमेल. अर्काची टीएलसी प्लेट चालवा, द्रावक पूर्ण उडू द्या, वर जिवाणू मिसळलेल्या मऊ अगारचा थर ओता आणि वाढ झाल्यावर एमटीटी हे रंगद्रव्य फवारा. जिवंत जिवाणू जांभळे होतात, परिणामकारक ठिपक्याची जागा फिकट राहते. तशीच दुसरी प्लेट अ‍ॅनिसाल्डिहाइडने रंगवून शेजारी ठेवा आणि दोन्हींचे आरएफ (ठिपका द्रावकाच्या तुलनेत किती वर चढला ते प्रमाण) जुळवून बघा.