न्यूजरीडरने जतन केलेले लेख मुळात कुठे ठेवावेत?

प्रश्न

युझनेट या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावरचे लेख वाचण्यासाठीच्या एका छोट्या प्रोग्रॅमची, म्हणजे न्यूजरीडरची, देखभाल मी करतो. वाचकाने 'सेव्ह' दाबले की लेख होम डिरेक्टरीतल्या 'न्यूज' नावाच्या फोल्डरात जातो. टिन आणि ग्नूस या जुन्या प्रोग्रॅममध्येही हाच प्रघात आहे. आता काही जणांचे म्हणणे असे, की न विचारता होममध्ये फोल्डर तयार करणे गैर असून एक्सडीजीच्या (लिनक्ससारख्या यंत्रणांवर कोणत्या फाइली कुठे ठेवाव्यात याच्या) संकेतानुसार हे सारे डॉट-लोकल या लपलेल्या फोल्डरातल्या 'शेअर'मध्ये जावे. हा बदल करावा का?

उत्तर १

सरसकट करू नये. वाचकाने स्वतः निवडून जतन केलेला लेख आणि प्रोग्रॅमने सर्व्हरवरून आपणहून उतरवून घेतलेला लेख यांत मोठा फरक आहे. दुसरा पुसला गेला तरी बहुधा पुन्हा मिळतो, म्हणून त्याची जागा डॉट-कॅश या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात. पहिला मात्र सर्व्हरवरची मुदत संपल्यावर कदाचित कुठेच उरणार नाही. तो वाचकाचा दस्तऐवज आहे आणि डॉटने सुरू होणाऱ्या फोल्डरात तो ठेवणे म्हणजे मालकापासूनच लपवणे होय, कारण असे फोल्डर बहुतेक फाइल मॅनेजर वेगळे सांगितल्याशिवाय दाखवतच नाहीत. डॉट-लोकलमध्ये फार तर वाचलेल्या लेखांच्या नोंदी ठेवाव्यात.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. मात्र होमऐवजी दस्तऐवजांच्या फोल्डरात 'न्यूज' तयार करावे असे सुचवतो. त्या फोल्डराचे नाव कोडमध्ये पक्के लिहू नका. अनेक यंत्रणांवर ते वापरकर्त्याच्या भाषेत असते, त्यामुळे एक्सडीजीच्या सेटिंगमधूनच ते विचारून घ्यावे.

जागेइतकेच फाइलचे नावही महत्त्वाचे आहे. नुसता लेखक्रमांक वापरल्यास घोटाळा होतो, कारण तो क्रमांक प्रत्येक सर्व्हरचा स्वतःचा असतो. सर्व्हर बदलला की त्याच क्रमांकावर भलताच लेख येतो आणि जुनी फाइल पुसली जाण्याचा धोका असतो. मेसेज-आयडी, म्हणजे लेखाची स्वतःची ओळखखूण, सर्वत्र एकच असला, तरी त्यात तिरकी रेघ असू शकते आणि ती फाइलच्या नावात चालत नाही, तेव्हा अशी चिन्हे आधी बदलून घ्यावी लागतील.

उत्तर ३

जुन्या वापरकर्त्यांचाही विचार व्हावा. होममध्ये 'न्यूज' आधीपासून असेल, तर प्रोग्रॅमने निमूटपणे तेच वापरत राहावे. फाइली परस्पर हलवल्या, तर त्या फोल्डरावर बेतलेल्या लोकांच्या बॅकअपच्या स्क्रिप्ट बंद पडतील आणि ते त्यांना कळणारही नाही. जतनाचे फोल्डर कोणते हे वापरकर्ता यंत्रणेत ज्यातून ठरवून ठेवू शकतो ते 'सेव्हडिर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ग्नूस पाळतो, तसे आपणही पाळावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नव्या वापरकर्त्यांसाठी दस्तऐवजांमधले 'न्यूज', जुन्यांसाठी आहे तेच, आणि आपणहून उतरवलेले लेख कॅशमध्ये, असे करतो. पहिल्यांदा जतन करताना पूर्ण पत्ता खालच्या पट्टीत दाखवीन आणि तो तिथेच बदलण्याची सोय देईन.