मदत हवी आहे: मांडीच्या हाडाच्या मॉडेलमध्ये मटेरियलची दिशा कशी द्यायची?

नमस्कार मंडळी,

जळगावला एम.टेक. करतोय, मेकॅनिकल. प्रोजेक्टला फीमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं, अ‍ॅन्सिस (ताण-दाबाची गणितं करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल घेतलंय. एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी पेशंटचं नाव काढून सीटी स्कॅन दिला. आकार झाला, मेश (आकाराचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) झाली. गाडी अडलीय मटेरियलपाशी.

हाड सगळ्या दिशांना सारखं ताठ नसतं. केळीचं खोड उभं चिरताना आणि आडवं कापताना हाताला जो फरक कळतो, त्याच जातीचं हे प्रकरण. रायली आणि बर्स्टीन यांच्या १९७५ च्या पेपरात कठीण हाडाचा मापांक (ताठपणाचा आकडा) लांबीच्या दिशेने १७ गिगापास्कल आहे, आडवा ११.५. दांड्यात (हाडाच्या मधल्या लांब भागात) झेड अक्ष लांबीकडे धरून भागतं. पण फीमरला पुढच्या बाजूने बाक असतो आणि मान (खुब्याचा गोळा दांड्याला जोडणारा भाग) तर दांड्याशी साधारण १२५ ते १३० अंशांत वळते. तिथे तोच झेड ठेवला की ताठपणा भलतीकडेच जातो. एलिमेंट ओरिएंटेशनला (एलिमेंटचे अक्ष वळवण्याच्या सोयीला) पृष्ठभाग आणि कडा दाखवावी लागते; सीटीतून आलेल्या ओबडधोबड पृष्ठभागाला धड कडाच नाही. शिवाय मानेच्या आतलं हाड जाळीदार. जाळीच्या काड्या सीटी चित्राच्या सगळ्यात लहान ठोकळ्याहून बारीक, त्यामुळे त्यांची दिशा दिसत नाही.

सर म्हणतात, सोड ना, आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना सारखं) घे, दोन आकड्यांत काम होतं. उभा भार देऊन पाहिला तर दोन्ही मॉडेल जवळपास सारखीच दबली, म्हणून मलाही उलट बोलता येईना. जाणकारांनी सांगावं, या खटाटोपाला अर्थ आहे का? आणि मानेत दिशा आणायची कुठून?

प्रतिसाद १
सरांना पीळ देऊन दाखव, भो. १७ गिगापास्कल आणि पॉयसन रेशो (ओढल्यावर आडवं किती आकसतं ते) ०.३ घेतला की आयसोट्रॉपिकमध्ये कातर मापांक (पिळाच्या वेळचा ताठपणा) आपोआप ६.५ निघतो. त्याच पेपरात मोजलेला ३.३ आहे. म्हणजे सरांचं हाड पिळायला दुप्पट ताठ! उभ्या भारात लांबीचा मापांकच सगळं पेलतो, म्हणून तुला फरक दिसला नाही.

मानेसाठी आधी आयसोट्रॉपिक रन घे, प्रत्येक एलिमेंटच्या प्रिन्सिपल स्ट्रेसच्या (मुख्य ताण-दाबाच्या) दिशा काढ आणि पुढच्या रनला त्याच अक्ष म्हणून दे. जाळी भाराच्या वाटेने रचली जाते हे जर्मन सर्जन वुल्फने १८९२ मध्येच मांडलंय. फक्त एकाच भारावर विसंबू नकोस. चालणं वेगळं, जिना चढणं वेगळं.

प्रतिसाद २ (धुळेकर)
त्याआधी एक साधा ठोकळा करून दोन्ही दिशांनी ओढून बघ. १७ आणि ११.५ परत आले नाहीत तर फीमरला हात लावू नको. मेजर-मायनर पॉयसन रेशोची (ओढायची दिशा बदलली की रेशो बदलतो, त्या दोघांची) अदलाबदल इथेच पकडली जाते. आणि आडव्या दोन्ही दिशा सारख्या धरल्यास मटेरियलचे ९ ऐवजी ५ आकडे पुरतात.

धागाकर्ता
आभार दोघांचे. पिळाचा मुद्दा सरांसमोर ठेवतो. लाइट राहिली तर आज रात्री ठोकळा आणि पीळ दोन्ही लावतो. पिळासाठी गुडघ्याकडचं टोक पूर्ण जाम केलं तर चालेल ना?