मदत हवी आहे : आईचा एमडीआर (अनेक औषधांना दाद न देणारा) टीबी

नमस्कार मंडळी, आम्ही कळव्याचे. आईच्या थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी निघालाय. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा ६ महिन्यांचा कोर्स सुरू आहे. पूर्वी अशा टीबीचे उपचार १८-२० महिने चालायचे, त्यामुळे खरंच आधार वाटतो. पण दीड महिन्यापासून तिच्या तळव्यांना मुंग्या येतात, रात्री चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. लिनेझोलिडने असं होतं म्हणे. डॉक्टरांना सोमवारी दाखवतोय, गोळ्या मनाने बंद केलेल्या नाहीत.

कुणाच्या घरी हा कोर्स झालाय का? मुंग्या नंतर गेल्या का? आणि कुठलं औषध लागू पडेल हे जंतूच्या जनुकांवरून सांगणारी सिक्वेन्सिंग तपासणी ठाणे-नवी मुंबईत कुठे होते? कृपया सांगा.