गिझरमधून लालसर पाणी: गंज रोखायचं औषध घालू का?

कांदिवलीकर_ताई
सकाळची पहिली बादली लालसर येते. गिझर २५ लिटरचा. सोसायटीत महापालिकेचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात. सर्व्हिसवाला न उघडताच म्हणाला, "टाकी गेली, नवीन घ्या." माझे दीर लीड्सला असतात. त्यांच्याकडे घरभर रेडिएटर, त्या पाण्यात गंज रोखायचं औषध घालतात म्हणे. गिझरमध्ये चालेल का?

पाना_पक्कड
ताई, अजिबात नको. दिरांच्या रेडिएटरमध्ये तेच ते पाणी फिरतं. त्यातला ऑक्सिजन संपला की गंज मंदावतो, उरलेलं औषध सांभाळतं. गळतीमुळे सारखं नवं पाणी भरावं लागलं तर तिथेही काळा गाळ साचतोच. तुमच्याकडे प्रत्येक बादलीला ताजं पाणी, ताजा ऑक्सिजन. आणि औषध येणार थेट तुमच्या अंगावर.

आधी गार नळ बघा. तोही लाल असेल तर बिल्डिंगचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजलेत, गिझरला उगाच बोल नको. फक्त गरम पाणी लाल असेल तर अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा. मॅग्नेशियमचा असतो, टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजतो. बहुतेक गिझरना खालच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने बसवलेल्या झाकणावर, कॉइलशेजारीच. मी उघडतो तेव्हा पुष्कळदा नुसती मधली तार लोंबत असते आणि खाली ओंजळभर पांढरा चुरा. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, रॉड लवकर संपतो. नुसत्या महापालिकेच्या, तानसा-भातसा धरणांच्या पाण्यावर बराच टिकतो. एएमसीवाले (वार्षिक देखभाल करारवाले) वरून फडकं मारून सही घेतात. माझ्याच धंद्यातले आहेत, तरी सांगतो.

मुलुंडचे_काका
स्टीलची टाकी घ्या, कटकटच मिटली!

पाना_पक्कड
कुठली मिटते, काका! बोअरच्या पाण्यात क्लोराइड असलं की स्टीललाही वेल्डिंगच्या जोडाशी बारीक भोकं पडतात.

कांदिवलीकर_ताई
दुसऱ्या माणसाकडून उघडून घेतला. गार पाणी स्वच्छ, रॉडची तारच उरलीय. टाकी कुठे ठिबकत नाही.

पाना_पक्कड
मग टाकी बहुधा वाचली. तुमच्याच मॉडेलचा रॉड मागा, गॅस्केटही (झाकणाखालचं रबरी सील) नवं. जुनं परत बसवू देऊ नका. थर्मोस्टॅट ५५-६० वर ठेवा, उगाच चढवला की क्षारही जास्त धरतात. टाकी भरून गरम नळाला धार लागेपर्यंत स्विच चालू करू नका, कोरडी कॉइल लगेच जळते.