जुन्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना चिरा पडल्या आहेत. घरी नव्या पुंगळ्या घडवून काडतुसे भरता येतील का?

द्राक्षबागायतदार, निफाड

नमस्कार. माझ्या परवान्यावर ३१५ बोअरची इशापूरची रायफल आहे. ती मूळ वडिलांची. त्यांच्या पश्चात रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला आणि त्यांच्याकडची शिल्लक काडतुसेही परवान्यावर नोंदली गेली. ही काडतुसे आजवर शेतातल्या घरी एका कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत होती. गेल्या आठवड्यात ती तपासायला काढली, तेव्हा बाविसांपैकी नऊ काडतुसांच्या गळ्याला, म्हणजे जिथे पितळेने गोळी धरलेली असते तिथे, उभी बारीक चीर गेलेली दिसली. दोन काडतुसांची चीर इतकी रुंद आहे की तिच्यात नख अडकते आणि गोळी बोटाने हलवली तर डुगडुगते. काही पुंगळ्यांवर निळसर हिरवी झाक आहे.

माझ्या बुद्धीला न उलगडलेली गोष्ट अशी की, त्याच पेटीत वडिलांनी जपून ठेवलेल्या पंधरावीस रिकाम्या, झाडलेल्या पुंगळ्याही आहेत आणि त्यांपैकी एकीलाही चीर नाही. ज्या पुंगळीने स्फोट सोसला ती शाबूत, आणि जी कधी रायफलीत गेलीच नाही ती मात्र फुटली, हे कसे?

दुसरा प्रश्न पुढचा आहे. या बोअरची काडतुसे दुकानात हवी तेव्हा मिळत नाहीत आणि मिळाली तर दोन वेळा विचार करावा अशा भावाने मिळतात. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसे स्वतः भरतो आणि तिकडे त्याला त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. त्याचे म्हणणे असे की, रशियन ७.६२ × ५४ ची रिकामी पुंगळी साच्यातून दाबून आणि कापून आपल्या ३१५ च्या मापाची करता येते. दिवाळीला येताना चाळीस रिकाम्या पुंगळ्या आणि साचे तो सामानातून आणू शकेल, कारण दारू नसलेले पितळ म्हणजे नुसता धातू. हे कायद्यात बसते का, आणि धातूच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे का, या दोन्ही गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात.

वकील, नाशिकरोड

आधी भाच्याला फोन करा आणि एकही पुंगळी सामानात टाकू नको म्हणून सांगा, मग उरलेले वाचा.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री या दोहोंचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ‘रिकामे पितळ म्हणजे नुसता धातू’ हा भाच्याचा युक्तिवाद टेक्सासमध्ये ठीक असला तरी मुंबईच्या विमानतळावर टिकणार नाही. विदेशातून शस्त्र किंवा दारूगोळा भारतात आणायचा तर कलम १० चा प्रश्न येतो, आणि साचे व दाबयंत्र घरात ठेवणे हे यंत्रसामग्रीच्या शब्दात बसते. बॅगेत चुकून राहिलेल्या एका काडतुसापायी माणसे विमानतळावरून थेट पोलीस ठाण्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

घरी भरण्याविषयी कलम ५ पाहावे. दारूगोळा तयार करणे, विकणे, त्यात बदल करणे यांसाठी त्या कलमाखाली स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा आपला परवाना कलम ३ खालचा आहे आणि तो त्या कामाला पुरत नाही. कलम ५ चे उल्लंघन करून निर्मिती केली तर कलम २५ खाली शिक्षा होते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी आहे. त्यातून धूरविरहित दारूचा साठा म्हटला की स्फोटकांचा १८८४ चा अधिनियम आणि २००८ चे नियम लागू होतात आणि ते राबवणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. एवढे सगळे अंगावर घ्यायचे ते वर्षाला दहा काडतुसे वाचवण्यासाठी, हा हिशेब मला तरी पटत नाही.

आपण ग्रामीण भागात असल्याने आपले परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी आहेत. शहरात असता तर पोलीस आयुक्तालयात जावे लागले असते. चिरा पडलेल्या काडतुसांबाबत काहीही करण्यापूर्वी त्यांना लेखी कळवा आणि पोहोच घ्या. परवान्यावरची संख्या आणि घरातली संख्या जुळत नसली की स्पष्टीकरण देण्याची वेळ आपल्यावर येते, आणि ‘चीर पडली म्हणून विहिरीत टाकली’ हे स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही.

धातुशास्त्राचा निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

कायद्याचे वकीलसाहेबांनी सांगितले आहेच, त्यामुळे मी चिरेविषयीच लिहितो; कारण आपला पहिला प्रश्न फार सुंदर आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच देशात, आपल्याच पावसाळ्यात सापडलेले आहे.

काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. त्याची चकती घेऊन ती टप्प्याटप्प्याने वाटीसारखी ओढत नेतात आणि प्रत्येक ओढीबरोबर धातू कडक होत जातो. आपल्या भांडी बाजारात कोणत्याही जुन्या तांबटाला विचारा: पत्रा ठोकत गेले की तो ताठरतो, आणखी ठोकला तर तडकतो, म्हणून मधूनमधून त्याला ताव देऊन मऊ करावे लागते. पुंगळीच्या कारखान्यातही हेच चालते; फरक इतकाच की तिथे बूड मुद्दाम कडक ठेवतात आणि गळा मुद्दाम मऊ करतात.

आता चीर. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यात अशाच उभ्या चिरा पडत. पावसात हालचाली थंडावल्या की दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवून देत आणि कोरडे दिवस आले की बाहेर काढत. काढून पाहावे तर पितळ फुटलेले. इंग्रजीत या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात आणि नावातला सीझन म्हणजे आपला पावसाळाच, असे सांगतात. कारणाचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये केला: घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळेत दबून राहिलेला ताण या तिघांची गाठ पडली की अमोनिया धातूच्या कणांच्या सीमांवरून आत शिरतो आणि ताण त्या वाटेने पितळ उकलत नेतो. तिघांपैकी एक जरी नसला तरी हे होत नाही. शुद्ध तांब्याला हा रोग क्वचितच लागतो. जस्ताचे प्रमाण जितके जास्त तितके पितळ त्याला लवकर बळी पडते.

आपल्या कोड्याचे उत्तर यातच आहे. भरलेल्या काडतुसात गोळी गळ्यापेक्षा किंचित जाड असते, म्हणून गळा तिला आवळून धरतो. म्हणजेच तो वर्षानुवर्षे, क्षणाचीही उसंत न घेता, ताणलेला असतो. झाडलेल्या पुंगळीतून गोळी निघून गेली, तिचा गळा मोकळा झाला, ताण संपला. म्हणून तीच हवा खाऊन एक फुटली आणि दुसरी फुटली नाही. निळसर हिरवी झाक ही तांब्याच्या क्षारांची आहे आणि ती माझ्या तर्काला पुष्टीच देते. मात्र पेटीच्या आसपास अमोनिया कुठून आला, हे आपणच सांगू शकाल. पेटीशेजारी काय होते?

भाच्याच्या सूचनेबद्दल एवढेच. मोठ्या पुंगळीतून लहान पुंगळी घडवणे ही काही अफवा नाही. परदेशात ते सर्रास चालते. १९०६ मधली अमेरिकन ३०-०६ ही कितीतरी काडतुसांची जननी मानली जाते. पण पुंगळीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. गळ्याकडे ती पातळ असते आणि बुडाकडे जावे तशी जाड होत जाते. ३०-०६ ची ६३ मिलिमीटरची पुंगळी कापून ८ × ५७ या आखूड काडतुसाची केली तर जी आधी खांद्याखालची, म्हणजे पुंगळी गळ्याकडे निमुळती होते त्या भागाखालची, भिंत होती ती आता गळा होते, आणि तो गळा जाड निघतो. जाड गळ्यात गोळी बसवली की बाहेरचा व्यास वाढतो, रायफलीत काडतूस जिथे बसते त्या खोबणीत तो गच्च बसतो, बार उडताना गळ्याला फाकून गोळी सोडायला जागाच राहत नाही, आणि दाब भलतीकडे चढतो. हे डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्ममापकाला दिसते. दुसरी चूक ताव देण्यात होते. गॅसच्या ज्वाळेवर पुंगळी धरून रंग बदलेपर्यंत तापवण्याचे व्हिडिओ आपण पाहिले असतील. उष्णता बुडापर्यंत उतरली तर बूड मऊ पडते, आणि नेमके बूडच असे आहे की ज्याला रायफलीच्या भिंतीचा पूर्ण आधार नसतो. तिथून गरम वायू फुटला तर तो मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

द्राक्षबागायतदार, निफाड

सर, आपण विचारले आणि मी संध्याकाळी मुद्दाम शेतात जाऊन पाहिले. पेटी माळ्यावर होती आणि माळ्याच्या खाली गोठा आहे. आमच्या दोन गाई आणि एक म्हैस तिथेच बांधलेल्या असतात. एवढेच नव्हे, तर पावसाळ्यात युरियाच्या गोण्या भिजू नयेत म्हणून मी स्वतः त्या माळ्यावर चढवतो, आणि त्यातली एक फुटकी गोणी पेटीला टेकूनच उभी होती. तबेल्याची गोष्ट वाचून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

भाच्याला फोन झाला आहे. तो म्हणाला, “मामा, मग मी नुसते बदाम आणतो.” आता उरलेल्या तेरा काडतुसांचे काय करावे? ती दिसायला स्वच्छ आहेत. म्हटले, मऊ फडक्याने पॉलिश करून घ्यावी.

नेमबाज, देवळाली कॅम्प

पॉलिशचे नाव काढलेत म्हणून लिहितो. पितळ चमकवण्याच्या बाजारातल्या काही पॉलिशांत अमोनियाच असतो, त्यामुळे गोठ्यापासून सोडवलेले काडतूस आपण पुन्हा त्याच्याच तोंडी द्याल. आमच्या आजीच्या घरी कल्हईवाला यायचा तेव्हा तापलेल्या भांड्यात नवसागर टाकताच डोळ्यांत पाणी आणणारा जो धूर उठे, त्यातही अमोनियाच असे; त्या वासाजवळ काडतूस ठेवू नये इतके लक्षात ठेवले तरी पुरे. देवघरातली भांडी आपण चिंचेने घासतो तशी भरलेली काडतुसे घासण्याचाही मोह आवरावा. ओल प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, कडेने आत जाते, आणि काडतूस बाहेरून लखलखीत व आतून फुसके होते. फुसक्या काडतुसाचा खरा धोका मागाहून असतो: गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आवाज दबका येतो, आणि नेमबाज घाईत दुसरे झाडतो.

तेरा काडतुसांविषयी माझे मत कडक आहे. ज्या माळ्यावर नऊ फुटली त्याच माळ्यावर ही तेरा होती. चीर आतल्या बाजूने सुरू झाली असेल तर ती बाहेरून दिसणार नाही. ती झाडू नका. त्यातल्या गोळ्या पकडीने उपटून ‘फक्त बघायचा’ प्रयत्नही करू नका. बाविसांची नोंद करून, परवाना बरोबर घेऊन, आपल्या पोलीस ठाण्याशी किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याशी आधी बोला आणि ते सांगतील त्या पद्धतीनेच ती तिथे पोहोचवा. झाडलेल्या पुंगळ्याही त्याच यादीत लिहा. आमच्या क्लबात सराव संपला की पुंगळ्या मोजून परत घेतात. पहिल्यांदा मला तो कंजूषपणा वाटला होता, व्याख्येतली ‘सुटे भाग’ ही ओळ वाचल्यावर वाटेनासा झाला.

भंगाराचा मोहही टाळावा. आमच्याकडे तोफखान्याच्या सरावाचे मैदान आहे आणि तिथून गोळा केलेले पितळ स्वस्तात देतो म्हणणारा एखादा माणूस दर वर्षी भेटतोच. ते पितळ लष्कराचे असते, आणि त्यात न उडालेले काय असेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

नवीन काडतुसे घ्याल तेव्हा पुंगळीच्या बुडावरचा शिक्का पाहून घ्यावा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मालावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. लागतील तेवढीच घ्या आणि ती गावातल्या घरी, कोरड्या कपाटात ठेवा.

द्राक्षबागायतदार, निफाड

यादी केली. भरलेली बावीस, त्यांपैकी चीर पडलेली आता दहा. सकाळी उजेडात भिंगाने पाहिले तेव्हा स्वच्छ समजलेल्या तेरांपैकी एकाच्या गळ्यावर केसाएवढी रेघ सापडली. रिकाम्या पुंगळ्या अठरा. दुपारी पोलीस ठाण्यात फोन करून विचारले. परवाना आणि यादी घेऊन सोमवारी या, काडतुसे कशी आणायची ते आम्ही सांगू, असे म्हणाले. युरियाच्या गोण्या मात्र आजच खाली उतरवल्या.