गाणारी बाई मिनिटभर उशिरा का येते? जुनं जॅझ ऐकायला सुरुवात करतोय, मदत करा

अंत्रुजकर:
नमस्कार लोकहो. या विषयात मी अगदी कोरा आहे हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात नाट्यसंगीत, भजनं, चवथीला घुमट-आरत्या, आणि अभिषेकीबुवा तर आमच्या मंगेशीचेच त्यामुळे ते कायमच चालू. पण मध्ये पणजीला मळा भागात एका ठिकाणी मित्राबरोबर गेलो होतो तिथे एक मुलगी गात होती, मागे फक्त पियानो आणि तो मोठा उभा बेस, आणि ती सारखी ठेक्याच्या मागे राहायची, मला वाटत होतं आता पडणार आता पडणार पण नाही पडली. मित्र म्हणाला हे सगळं बिली हॉलिडे या जुन्या अमेरिकन जॅझ गायिकेकडून आलंय, ती ऐक.

तर ऐकायला घेतलं आणि गोंधळ उडालाय. अॅपवर बिली हॉलिडे म्हणून गाणं लावलं तर आधी क्लॅरिनेट वाजतोय, बाईचा पत्ता नाही. मग ती येते, एकदा गाणं म्हणते आणि गायब, परत वाजंत्री सुरू. कव्हरवर फोटो तिचा, नाव तिचं, मग हे काय? दुसरं म्हणजे एकच गाणं तीन ठिकाणी सापडतं, एकात आवाज कोवळा, एकात घसा पार बसलेला, आणि वर्ष बघावं तर २००० च्या पुढचं काहीतरी लिहिलेलं. कुठलं खरं धरायचं? आणि शेवटचं, रागावू नका, पण ते शब्द सोडून डूबा-डूबा करतात ते मला दोन मिनिटांवर झेपत नाही. तराण्यासारखं काही आहे का ते?

पेडणेकर_७८:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ती तबकडी तिच्या नावावर नव्हतीच. १९३५ पासून तिने टेडी विल्सन या पियानोवाल्याबरोबर जी गाणी ब्रन्सविक कंपनीसाठी केली त्यांच्या लेबलवर ठळक नाव टेडी विल्सन आणि त्याच्या ऑर्केस्ट्राचं, बिलीचं नाव खाली बारीक. ती जगप्रसिद्ध नंतर झाली, म्हणून आज कव्हरवर तिचा फोटो आणि आपल्याला वाटतं की बाई उशिरा आल्या. त्या काळी गायक हा बँडमधल्या इतरांसारखाच एक. सॅक्सोफोनवाल्याला एक फेरी, म्हणजे गाण्याची पूर्ण चाल एकदा, ट्रम्पेटवाल्याला अर्धी, तशी गाणाऱ्याला एक.

हिशोबच करून बघ. दहा इंची ७८ च्या (मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या) तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. बहुतेक गाणी ३२ बारांची, एका बारात चार ठोके, म्हणजे एका फेरीचे १२८ ठोके. नाचायची लय मिनिटाला १६० धरली तर एक फेरी ४८ सेकंदांत संपते. तीन मिनिटांत चारच्या आत फेऱ्या. त्यातली एक किंवा फार तर दीड गायकाला, बाकी वाजवणाऱ्यांना. लोक मुळात नाचायला यायचे, ऐकायला नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम होतं तिथे चिक वेबचा बँड असायचा, गायिका एला फिट्झजेराल्ड त्याच बँडमध्ये तयार झाली. आपल्या केरीच्या केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्या घे, वेळेची कात्री तीच, पण तिथे जेवढा वेळ आहे तेवढा सगळा बाईंचा. इथे तेवढ्याच वेळात सात जणांना बोलायचंय.

म्हणून सांगतो, क्लॅरिनेट सुरू असताना गाणं पुढे ढकलू नकोस. १९३७ ची गाणी शोध ज्यात सॅक्सोफोनवर लेस्टर यंग आहे. तिला लेडी डे हे नाव त्याने दिलं आणि त्याला प्रेझ हे तिने. ती गात असते तेव्हा तो मागे हळूच काहीतरी म्हणत असतो, तिच्या ओळी संपतात तिथे नेमका येतो आणि ती सुरू झाली की बाजूला. संगतीला चांगला हार्मोनियमवाला असला की कसं वाटतं ते तुला वेगळं सांगायला नको.

वर्षांचं असं की अॅपवर दिसतं ते नव्याने बाजारात आणल्याचं वर्ष, रेकॉर्डिंगचं नाही. बिलीचे ढोबळ टप्पे लक्षात ठेव. १९३३ ते ४२ छोटे बँड, आवाज कोवळा. १९४४ ते ५० डेक्का कंपनी, मागे बऱ्याचदा व्हायोलिनं. १९५२ पासून नॉर्मन ग्रँझ नावाच्या निर्मात्याकडे, परत छोटा बँड, आधीचीच बरीच गाणी परत म्हटली, घसा बसत चाललेला. आणि १९५८ चं 'लेडी इन सॅटिन', मागे रे एलिसचा मोठा ऑर्केस्ट्रा. १९५९ मध्ये गेलीच, वय ४४. तुला तीन आवाज सापडले ते हे. खरं-खोटं काही नाही, पण कुठलं ऐकतोयस ते माहीत असावं.

मडगावची_माई:
पेडणेकर बाब, तुम्ही पोराला शाळेत बसवलंत. अरे अंत्रुजकरा, तू सरळ 'एला अँड लुई' लाव, १९५६ ची एलपी (जास्त वेळ चालणारी तबकडी), एला आणि ट्रम्पेटवाला गायक लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. आवाज लख्ख स्वच्छ, खरखर नाही, बाई पहिल्यापासून गाते, शब्द न शब्द कळतो. एक आवाज लोण्यासारखा एक दगडी, आणि दोघांची मजा चाललेली. ते आवडलं की मग मागे जा. नव्या माणसाने ७८ च्या खरखरीत सुरुवात केली तर तो पळूनच जायचा.

आणि एवढ्या लांब जायच्या आधी आपली लोर्ना ऐकलीस की नाही? लोर्ना कोर्देइरो आणि आमच्या मडगावचा ख्रिस पेरी. गाणी कोकणी, पण ते ब्रास आणि ती मुद्दाम थांबून शब्द टाकते ते कुठून आलं असं तुला वाटतं? आमच्या गांवचे लोक चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तराकडे, नोटेशन शिकले आणि ते वाचता येतं म्हणून मुंबईला हॉटेलांच्या बँडमध्ये लागले, तिथे जॅझ वाजवलं, आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांनी त्याचा अख्खा बँड पडद्यावर आणलाय. त्यातली गाणी तू लहानपणापासून ऐकतोयस, फक्त मागे काय चाललंय तिकडे लक्ष दिलं नसशील.

सुरेल_पण_आळशी:
मी हॉटेलांत कीबोर्ड वाजवतो, सीझनमध्ये रोज रात्री, त्यामुळे मागे राहण्याबद्दल दोन शब्द. ते मागे राहणं वाजवणाऱ्यांच्या जीवावर असतं. बेस आणि ड्रम्स जागचे हलले नाहीत तरच गाणारी रेंगाळू शकते, सगळेच तिच्याबरोबर मागे आले तर गाणं नुसतं संथ होतं, सुस्त. नवीन पोरं साथीला असली की हेच होतं, बाई मागे गेली की हे घाबरून तिची वाट बघतात, झालं. बिलीच्या १९३७-३८ च्या कितीतरी गाण्यांत काउंट बेसीच्या बँडमधली माणसं आहेत, फ्रेडी ग्रीन गिटारवर, वॉल्टर पेज बेसवर, जो जोन्स ड्रम्सवर. ती लोकं म्हणजे भिंत. कदंबची बस सुटल्यावर माणूस आरामात चालत येतो आणि शेवटच्या क्षणी दांड्याला धरून आत शिरतो तशी बिली ओळीत शिरते, पण त्यासाठी बस ठरल्या वेगाने जायला पाहिजे ना.

दुसरं म्हणजे माईक. १९२५ च्या सुमाराला विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याआधी भोंग्यात तोंड घालून ओरडायचं, मोठा आवाज तोच गायक. बिलीचा आवाज लहान, पल्ला जेमतेम सप्तकाच्या थोडा पुढे, बालगंधर्वांसारखं विनामाईक थिएटर भरणं तिला जमलंच नसतं. माईकसमोर मात्र ती कानाशी बोलल्यासारखी गाऊ शकते. त्यामुळे नाट्यसंगीताचा कान घेऊन ताना, फिरत, वरचा षड्ज शोधत बसशील तर निराश होशील. फिरतच पाहिजे असेल तर सॅरा वॉन. १९५४ ची तिची क्लिफर्ड ब्राउन या ट्रम्पेटवाल्याबरोबरची एलपी ऐक, खर्जापासून वरपर्यंत आवाज कसा गोल फिरतो. माझ्या मते त्या सगळ्यांत नुसत्या गळ्याच्या बाबतीत तीच पहिली.

अंत्रुजकर:
बापरे एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. माई, अलबेला काल परत बघितला, खरंच की! एक विचारू का, मग गायक पुढे कधी आले? म्हणजे बँडच्या नावाखाली बारीक अक्षरात असलेले लोक एकदम कव्हरवर मोठे कसे झाले?

पेडणेकर_७८:
बरोबर जागी बोट ठेवलंस. कारणं बरीच, पण एक मजेशीर आहे ते सांगतो. १ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली. तबकड्या वाजवून रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवाले पैसे कमावतात आणि आमच्या प्रत्यक्ष वाजवण्याचं काम जातं, आम्हाला वाटा द्या, हे भांडण. डेक्काने १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणलं. पण गायक त्या युनियनमध्ये नव्हते! मग कंपन्यांनी वादकांशिवाय, मागे नुसता कोरस उभा करून गायकांची गाणी काढली. फ्रँक सिनात्रा नुकताच टॉमी डॉर्सीचा बँड सोडून एकटा निघालेला, त्यानेही १९४३ मध्ये तशी गाणी केली. त्यात युद्ध, वादक सैन्यात, पेट्रोल रेशनवर, पंधरा-सोळा जणांचा बँड गावोगाव फिरवणं परवडेना. तबकड्यांना लागणारी लाखही, जी आपल्याच देशातून जायची, तिचीही टंचाई. युद्ध संपलं तोवर लोक गायकाचं नाव घेऊन तबकडी मागायला लागले होते. १९४८ ला एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं, मग तर काय, अख्खी मैफल एका माणसाच्या नावावर.

सिनात्राचं १९५५ चं 'इन द वी स्मॉल अवर्स' ऐक, नेल्सन रिडलचं संयोजन, सगळी गाणी एकाच मूडची. ७८ च्या तीन-तीन मिनिटांच्या बाजूंवर हे असं सलग ऐकायला मिळणं कठीणच. श्वास कसा चोरायचा ते डॉर्सीच्या ट्रॉम्बोनकडे बघून शिकलो असं तो स्वतः सांगायचा.

मडगावची_माई:
सिनात्रा जॅझ नव्हे, हे माझं मत आणि मी ते बदलणार नाही. गोड आहे, छान आहे, जॅझ नव्हे. पुरुषाचा आवाज हवा तर जॉनी हार्टमन, १९६३ ची एलपी, सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनबरोबरची. सहाच गाणी, सगळी संथ. रात्री जेवण झाल्यावर लावायची आणि भांडी तशीच ठेवायची.

आणि 'लेडी इन सॅटिन' कृपा करून त्याला आत्ता देऊ नका हां. मरणाच्या दारातला आवाज तो, एवढ्या व्हायोलिनांमध्ये. लोक उगाच डोळ्यात पाणी आणून ऐकतात.

पेडणेकर_७८:
माई, हार्टमन मान्य. पण सॅटिनबद्दल नाही. आवाज गेलाय हे कबूल, पण शब्द टाकण्याची जागा बघा, ती १९३७ पेक्षा पक्की आहे. उतारवयातल्या बुवांचं आपण ऐकतोच ना, श्वास पुरत नाही तरी? पण हो, आधी कोवळी बिली ऐकलेली पाहिजे, नाहीतर काय गेलं तेच कळणार नाही. शेवटी ठेव.

सुरेल_पण_आळशी:
डूबा-डूबाचं राहिलंच की. त्याला स्कॅट म्हणतात, आणि तराणा नव्हे. तराण्याची बंदिश बांधलेली असते, बोल ठरलेले. स्कॅट तिथल्या तिथे सुचतं, आणि गाणारा त्यात ट्रम्पेट नाहीतर सॅक्सोफोन झालेला असतो. तुला कंटाळा येतो कारण मूळ चाल डोक्यात नसते, मग ती कशावर खेळतेय ते कळणार कसं. एलाचं १९४७ चं 'हाउ हाय द मून' घे. पहिली फेरी ती सरळ शब्दांसकट गाते. ती चार-पाच वेळा ऐक, गुणगुणता येईपर्यंत, पुढे जाऊच नको. मग स्कॅट सुरू झालं की ती मूळ चाल मनात तशीच चालू ठेव, बोटांवर बार मोज, ३२ ला परत पहिल्यापासून. तिच्या डूबा-डूबाखाली तेच गाणं चाललेलं आहे हे एकदा कळलं की पुढचं आपोआप.

मग १९६० ची बर्लिनची मैफल लाव. तिथे 'मॅक द नाइफ' गाताना मध्येच शब्द विसरली आणि लयीत, यमकात, आपण शब्द विसरलोय हेच गात सुटली. त्यावर ग्रॅमी मिळालं तिला.

अंत्रुजकर:
ठरलं. आधी एला-लुई, मग १९३७ ची बिली, सॅटिन शेवटी. बोटांवर ३२ मोजायचा प्रयत्न आज फोंडा-पणजी बसमध्ये केला, क्लॅरिनेटच्या फेरीत बरोबर जमलं, बाई आली की २० च्या आसपास चुकतो.

सुरेल_पण_आळशी:
कारण तू तिच्या मागे जातोस. बेस ऐक, बेस.