मायकल जॅक्सनचा ‘इन्व्हिन्सिबल’ कुठल्या क्रमाने ऐकवू?

पूर्वभागकर (सोलापूर)

मंडळी, सल्ला हवाय. येत्या शनिवारी आमच्या जुन्या कारखान्यात सात-आठ मित्र जमणार आहोत. ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली पण आपल्याच्यानं सोडवला नाही, असा एकेक अल्बम प्रत्येकानं आणायचा. मी ‘इन्व्हिन्सिबल’ आणणार म्हटल्यावर लगेच एकाचा फोन, ‘का बे, त्याचा एवढा गाजलेला ‘थ्रिलर’ असताना हे कशाला?’

माझं म्हणणं असं, की या अल्बमातली गाणी वाईट नाहीत, त्यांची मांडणी वाईट आहे. हे मला कसं कळलं ते सांगतो.

अल्बम ३० ऑक्टोबर २००१ला आला तेव्हा मी बारावीला होतो. दिवाळीच्या कपड्यांचे पैसे वाचवून नव्या पेठेतून कॅसेट आणली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चादरीचे चार माग. कॉलेजातून आलो की कांड्या भरायला, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या गुंडाळायला बसायचो, कानात वॉकमन. ज्यांनी माग जवळून ऐकलाय त्यांना माहीत आहे, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला ठोका बसतो. त्यात चार माग कधीही एका लयीत चालत नाहीत. एक पुढे, एक मागे, तिसरा मध्येच. त्या आवाजात वॉकमन फुल्ल करूनही जे टिकायचं तेच ऐकू यायचं. म्हणजे पहिली तीन गाणी, ‘अनब्रेकेबल’, ‘हार्टब्रेकर’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’. तिन्ही रॉडनी जर्किन्स या संगीत निर्मात्याबरोबर केलेली, तिन्हींत ठोकेच ठोके. मला वाटायचं हाच अल्बम. बाकीची गाणी म्हणजे नुसती फुसफुस.

मग एका संध्याकाळी लाइट गेली. माग एकामागून एक थांबले. शेवटचा धोटा अर्ध्यात अडकला, आणि वॉकमन मात्र सेलवर चालूच. ‘स्पीचलेस’ लागलं होतं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी : हे गाणं वाद्याशिवाय सुरू होतं. नुसता गळा. श्वास घेतलेला कळतो. मग वाद्यमेळ येतो, कोरस येतो, सगळं भरून येतं, आणि शेवटी पुन्हा सगळे निघून जातात, तो एकटा उरतो. लिहिलेलं त्याचंच, दुसऱ्या कुणाचा हात नाही. महिनाभर मी ती कॅसेट घासत होतो आणि हे गाणं मी ऐकलंच नव्हतं.

वडील अंधारात कंदील शोधत होते. मी एक इयरफोन त्यांच्या कानाला लावला. मागावर तीस वर्षं काढलेला माणूस, कान तेव्हाच निम्मे गेलेले. थोडं ऐकून तेलुगूत म्हणाले, ‘एकटाच गातोय का? बाकीचे कुठं गेले?’

त्या दिवसापासून मी लाइट जायची वाट बघायला लागलो. ‘ब्रेक ऑफ डॉन’, ‘बटरफ्लाइज’, ‘व्हॉटएव्हर हॅपन्स’ ही सगळी मला अंधारात सापडलेली गाणी आहेत. आणि तेव्हापासून मला वाटतं, ज्यांनी या अल्बमला नावं ठेवली त्यांच्या कानात पहिल्या सोळा मिनिटांचे मागच वाजत राहिले असणार.

तर प्रश्न हा, की शनिवारी मला तासभर मिळणार आहे. अल्बम ७७ मिनिटांचा, १६ गाणी. काय गाळू, आणि सुरुवात कशानं करू?

जुना_डेक

दादा, लिहिलंय मनापासून, पण मला पटलं नाही. क्रम बदलून अल्बम सुधारत नसतो. ‘डेंजरस’ १९९१चा, मग १९९५चा ‘हिस्टरी’, आणि त्यानंतर सहा वर्षांनी हा. एवढ्या काळात लोकांचे कान बदलले होते आणि मायकल त्यांच्यामागे धावताना दिसतो. ‘अनब्रेकेबल’मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा आवाज आहे. तो माणूस १९९७ला गेला, ते कडवं आधीच १९९६च्या शकील ओनीलच्या (तोच, बास्केटबॉलवाला) गाण्यात वापरलेलं. ‘थ्रेटन्ड’मध्ये जुन्या टीव्ही मालिकेतल्या निवेदकाचा, रॉड सर्लिंगचा आवाज, तो तर १९७५ला गेलेला. नवीन काही म्हणायचंय तर उसने आवाज कशाला? ‘प्रायव्हसी’ मला आजही सहन होत नाही. त्यातला राग खरा आहे, पण गाणं म्हणून ते उभं राहत नाही.

एक मात्र मान्य. ‘व्हॉटएव्हर हॅपन्स’ त्याच्या कुठल्याही अल्बमात शोभलं असतं. कार्लोस सांतानाची गिटार, ती शीळ, आणि अडचणीत सापडलेल्या नवराबायकोची गोष्ट. ते पंधराव्या नंबरला टाकणं हा गुन्हाच आहे. तिथपर्यंत कोण पोचतंय?

पूर्वभागकर (सोलापूर)

पंधराव्या नंबरला कोण पोचतंय, हेच तर मी म्हणतोय की. म्हणजे मांडणीचाच दोष झाला. ‘प्रायव्हसी’ गाळतो, त्यावर भांडण नाही. पण ‘थ्रेटन्ड’ मला आवडतं, ते राहील.

हुतात्मा_एक्स्प्रेस

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. माझं मत सरळ आहे, सुरुवात ‘बटरफ्लाइज’नं करा.

माझा मोठा भाऊ १ नोव्हेंबर १९९६ला मुंबईत अंधेरीला मायकलच्या कार्यक्रमाला गेला होता. तिथून आल्यावर घरात आठवडाभर फक्त मायकल. त्यामुळे २००१ला आम्ही त्याच नाचाची वाट बघत होतो आणि भाऊ पहिल्याच आठवड्यात नाराज झाला. मी नाही झाले, कारण मला नाच नकोच होता. ‘बटरफ्लाइज’मध्ये ठेका किंचित मागे रेंगाळतो, जणू तो मुद्दाम उशिरा पाऊल टाकतोय, आणि वर त्याचा तो बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. शेवटाकडे तो स्वतःच्याच आवाजाच्या थरांवरून कसा चालत जातो ते हेडफोनवर ऐका. मार्शा अँब्रोसियस या गायिकेनं आंद्रे हॅरिसबरोबर लिहिलंय आणि मागच्या सुरांतही ती आहे. त्याचा व्हिडिओच निघाला नाही, तरी अमेरिकेत ते १४व्या क्रमांकापर्यंत गेलं.

हेही लक्षात घ्या की अल्बम तिथं पहिल्या क्रमांकावरच सुरू झाला होता. लोकांनी घेतला नाही असं नाही. त्यानं दौरा केला नाही, पुढच्या वर्षी सोनी या रेकॉर्ड कंपनीशी जाहीर वाद झाला, आणि गाणी वाऱ्यावर सुटली. भाऊ अजूनही म्हणतो की फसलेला अल्बम आहे. दादा, तुमची पोस्ट त्याला पाठवली आहे.

स्पीकरवाला

क्रमाचं तुमचं तुम्ही ठरवा, मी दुसरंच सांगतो. तुम्ही म्हणता कारखान्यात ऐकवणार. माग आहेत का अजून? नसतील तर रिकामी पत्र्याची शेड म्हणजे सगळं घुमणार. ‘स्पीचलेस’चा सुरुवातीचा गळा तिथं विहिरीत बोलल्यासारखा येईल, श्वासबिस काही कळणार नाही. जाड कापड लटकवा. तुमच्याकडे चादरी असतीलच! भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, खालचा आवाज उगाच फुगतो. आणि या अल्बममधली ठोक्याची गाणी आधीच चढ्या आवाजात बांधलेली आहेत, तेव्हा आवाज ‘स्पीचलेस’वर जुळवा आणि मग हात लावू नका.

पूर्वभागकर (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. माग २०१४लाच भंगारात गेले, शेड रिकामी आहे. जमिनीवर त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे आहेत.

काल रात्री चादरी लावल्या. विकायच्या राहिलेल्या, आमच्याच मागावरच्या, जाड विणीच्या अकरा निघाल्या. दोरी ताणून वीतभर अंतरानं लटकवल्या. आधी टाळी वाजवली की पत्रा परत बोलायचा, आता टाळी जागीच विरते. ताई, ‘बटरफ्लाइज’ पहिलं ठेवलंय. त्यावर ‘ब्रेक ऑफ डॉन’, मग ‘यू रॉक माय वर्ल्ड’, म्हणजे भावासारखी माणसं पण खूश. ‘व्हॉटएव्हर हॅपन्स’ चौथं. ‘अनब्रेकेबल’ गाळलं नाही, सहावं केलंय. तिथं ते ऐकलं तर दमदार वाटतं, दमवत नाही. शेवट ‘स्पीचलेस’.

आवाज जुळवायला तेच लावलं होतं. वडील दारात येऊन उभे राहिले. आता ऐंशीच्या घरात आहेत, कानाला यंत्र आहे. गाणं संपल्यावर म्हणाले, ‘तिसरी चादर उलटी टांगलीस.’ खरंच उलटी होती. सरळ केली आणि त्यांच्यासाठी समोरची खुर्ची ठेवली.